लाल रंगातला आर

बाबांनी सांगितलेलं दालन डोंगराच्या पोटात खरोखर आहे का, एवढंच पाहायला आम्ही तिघं निघालो होतो. गुहामंडळाचा नवा नकाशा छापायला जाणार होता. जुन्या नकाशावर बाबांच्या सांगण्यावरून काढलेली एक तुटक रेघ होती. ती ठेवायची की पुसायची, ते सचिवांना ठरवायचं होतं.

“राग मानू नका,” सचिव मला म्हणाले होते, “पण तुमचे वडील मास्तर. मास्तरांना गोष्ट रंगवायची सवय असते. ‘आत दालन असावं’ म्हणाले. असावं म्हणजे काय हो? आहे की नाही?”

बाबा हिवाळ्यातच गेले. आता त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि त्यांनी खरंच रंगवून सांगितलं असेल तर, ही शंका सचिवांनी माझ्या मनात टाकली होती. ती मला झोपू देत नव्हती.

टायरच्या दुकानावरच्या खोलीत बाबा मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायचे. फळ्यासमोर एक लाकडी स्टूल असायचं, कारण फळा उंच आणि बाबा बुटके. शोधमोहिमेचे शब्द हा त्यांचा लाडका धडा. “मराठीत आपण बेटाचा शोध लावतो, विजेच्या दिव्याचाही शोध लावतो आणि हरवलेल्या चपलेचाही शोधच घेतो,” ते म्हणायचे. “इंग्रजीत प्रत्येकाला वेगळी खोली दिलीय. एक्सप्लोर म्हणजे अनोळखी जागी शिरून पाहणं, हाती काही लागेलच असं नाही. डिस्कव्हर म्हणजे झाकण काढणं. वस्तू होतीच, आपल्याला आज दिसली!”

गुहेतही हाच धडा चाले. जिथे फिरून पाहिलं तिथे भिंतीवर लाल रंगात ई. जिथे खरंच काही सापडलं तिथे डी. डी लिहिताना बाबा फार कंजूष असत.

वेल्डरकाका हे त्या वर्गातले सर्वांत जुने विद्यार्थी आणि बाबांचे गुहेतले जोडीदार. डिस्कव्हर वाक्यात वापरा म्हटल्यावर त्यांनी उभं राहून सांगितलं होतं, “माय वाइफ डिस्कव्हर माय सिगारेट.” बाबा म्हणाले, “व्याकरण आडवं झालं, पण अर्थ ठणठणीत!”

तिसरा माझा धाकटा भाऊ. तो औषधांच्या दुकानात काम करतो, म्हणून काका त्याला ‘औषधवाले’ म्हणतात.

सकाळी आम्ही दोरावरून गुहेच्या विहिरीसारख्या तोंडातून खाली उतरलो. वर आभाळाचं एक नाणं उरलं, मग तेही दिसेनासं झालं. तळाशी घोट्याएवढा ओढा वाहत होता. पाणी इतकं थंड, की पाय आपले आहेत की कुणाचे हे पाहून खात्री करावी लागे. दिव्याच्या उजेडात भिंती मेणासारख्या चमकत होत्या आणि ठरावीक अंतरावर बाबांचा ई भेटत होता. पहिल्या ईपाशी मी थोडी थांबले. त्याची मधली दांडी नेहमीसारखीच आखूड होती.

पुढे एक फट लागली. पोटावर सरपटत, डोकं वाकडं करून, श्वास सोडून पुढे सरकायचं.

“गेल्या खेपेला मी इथंच थांबलो,” काका म्हणाले. “गुडघा धरला होता. मास्तर एकटे आत गेले. परत आले ते गप्प. नुसतं म्हणाले, दालन असावं.”

“आता गुडघा कसाय?” भावाने विचारलं.

“तुमच्या मलमानं आणखी बिघडला, औषधवाले.”

फटीपलीकडे एक लहानशी खोली होती. समोरच्या डाव्या कोपऱ्यात दगडांचा ढीग, उजवीकडे गुडघ्यांवर रांगत जाण्याइतकं बुटकं भुयार. समोरच्या भिंतीवर, बरंच उंच, लाल रंगात एकच अक्षर होतं.

आर!

“आर?” मी म्हणाले. “बाबांनी कधी आर लिहिला होता?”

“माझ्यासमोर तरी नाही,” काका म्हणाले.

“राइट!” भाऊ म्हणाला. “उजवीकडे! सरळ आहे, ताई.”

सरळ होतं खरं. उजवीकडे वाट होतीच. बाबांनी दिशा कधीच अक्षरात लिहिली नव्हती, हे मनात येऊनही मी मान हलवली. आम्ही रांगायला लागलो. भाऊ पुढे, मी मध्ये, काका मागे. छत खाली येत गेलं. कोपरांखाली पाणी. मग हनुवटीला पाणी.

“ताई,” पुढून आवाज आला, “पाणी वाढतंय का गं?”

मी थांबून ऐकलं. ओढ्याचा आवाज बदलला होता. मघाची कुजबुज आता घोगरी झाली होती. वर डोंगरावर कुठेतरी पाऊस कोसळला असणार!

“मागे फिर!”

“पाय अडकलाय!”

दोन दगडांच्या मध्ये त्याचा बूट पाचरीसारखा बसला होता. मी हात पाण्यात घातला. बोटं बधिर झाली होती, लेस लागत नव्हती. पाणी त्याच्या ओठांशी आलं. त्याने तोंड वर केलं, छताला नाक टेकवलं.

“ताई...”

“बोलू नकोस! ओढ!”

काकांनी माझी कंबर धरली, मी त्याचं पाऊल. एक हिसका. दुसरा. तो किंचाळला. बूट तिथेच राहिला आणि पाय सुटला!

आम्ही मागे, त्या लहान खोलीत येऊन पडलो. भावाचा घोटा सुजत होता. आम्ही आत आलो होतो त्या फटीकडे मी दिवा फिरवला. फट दिसत नव्हती. तिथे आता नुसतं पाणी होतं, तपकिरी आणि फिरणारं.

पाणी मांड्यांपर्यंत चढलं. बाबांचा शब्द खरा करायला मी यांना इथे आणलं होतं. घरी आई एकटी होती. एकाच वर्षात तिला कुणी किती बातम्या सांगायच्या?

काकांचे दात वाजत होते. ते एकदम म्हणाले, “तुमची काकू आत्ता काय करत असेल ठाऊक आहे? माझ्या कोटाचे खिसे बघत असेल. एकदा बघते. काही मिळत नाही. मग तेच खिसे पुन्हा बघते. मास्तर हसायचे. म्हणायचे, तुझी बायको खरी रि...”

ते थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं.

“रिसर्च!” आम्ही दोघं एकदम ओरडलो.

री म्हणजे पुन्हा आणि सर्च म्हणजे शोध. बाबांचा धडा मला शब्दन् शब्द आठवला. एकदा शोधून सापडत नाही, पण आहे असं आतून वाटत राहतं, म्हणून माणूस त्याच जागी पुन्हा शोधतो. आर म्हणजे उजवीकडे नव्हे. आर म्हणजे इथेच, पुन्हा बघा!

मी दिवा अक्षरावर धरला आणि पुन्हा पाहिलं. अक्षर फार उंच होतं. माझाही हात पोचला नसता. मग बुटके बाबा तिथे पोचले कसे? इथे त्यांचं स्टूल कुठलं?

“ते कशावर तरी उभे होते,” मी म्हणाले. “काका, भिंत चाचपा!”

दगडांच्या ढिगामागे, भिंतीच्या सुरकुतीत, एक कंगोरा हाताला लागला. खालून बघता तो मुळीच दिसत नव्हता. मी त्यावर चढले. आर आता माझ्या नाकासमोर होता. त्याच्या वर काळोखाची एक उभी भेग होती आणि तिच्यातून गार वारा माझ्या ओल्या चेहऱ्यावर येत होता!

“वर! चला, वर!”

बरोबरचा दुसरा दोर मी खाली सोडला. भावाने एका पायावर उड्या मारत, माझ्या खांद्यावर पाय देऊन चढायला सुरुवात केली. त्याच्यामागे मी चढले, काका सर्वांत शेवटी आले. अर्ध्यात त्यांच्या गुडघ्याने दगा दिला आणि दोर ताणला गेला. आम्ही दोघांनी टाचा रोवल्या. हात सोलले. ओढा! अजून! काकांचं हेल्मेट भेगेतून वर आलं, मग ते स्वतः, मासळीसारखे तोंड उघडून.

आम्ही एका रुंद कड्यावर पडून होतो. मग मी उठून दिवा पुढे धरला.

उजेड पुढे गेला तो गेलाच, कशालाच टेकला नाही. समोर भिंत नव्हती, खाली तळ नव्हता. फार दूर कुठेतरी पाणी पडत होतं. भावाने एक खडा टाकला. आम्ही वाट पाहिली. मला वाटलं आवाज येणारच नाही, आणि तेवढ्यात तो आला, खोल, बारीक.

“दालन!” भाऊ म्हणाला. तो रडत होता की हसत होता कळेना. “ताई, बाबा खरं बोलत होते!”

“दोर आहे,” काका हळूच म्हणाले. “थोडं उतरून बघायचं?”

मी खालच्या काळोखाकडे पाहिलं. माझ्या दिव्याचा उजेड पिवळा पडत चालला होता. दोराला दगडाच्या काठाने चरे पडले होते. भावाचा घोटा वांग्यासारखा झाला होता. आणि उतरायची इतकी ओढ वाटत होती, की तिचीच मला भीती वाटली.

“नाही,” मी म्हणाले. “पाणी ओसरलं की घरी.”

काकांनी सवयीने पिशवीतून रंगाची डबी काढली. कड्यावर मी आधीच शोधून पाहिलं होतं, तिथे बाबांचं एकही अक्षर नव्हतं. ते इथवर चढले होते की खाली, कंगोऱ्यावर उभं राहून, चेहऱ्यावर हा वारा घेऊन परतले होते, ते आता कळायचं नाही.

“डी लिही, ताई! मोठा डी!”

मी ब्रश बुडवला. पलीकडची भिंत मी पाहिली नव्हती. तळाला हात लावला नव्हता. बाबा असते तर त्यांनी मान तिरकी करून नुसतं माझ्याकडे पाहिलं असतं.

मी आर लिहिला.

पाणी ओसरायला फार वेळ लागला, पण ओसरलं. फट मोकळी झाली. बाबांच्या ईंना मागे टाकत, भावाला मध्ये धरून आम्ही दोराशी आलो. वर आभाळाचं नाणं पुन्हा दिसलं.

पुढच्या आठवड्यात मी सचिवांसमोर बसले होते. सोललेल्या तळव्यांवर पट्ट्या होत्या. टेबलावर नकाशा पसरलेला, सचिवांच्या एका हातात पेन्सिल, दुसऱ्यात खोडरबर. मी सगळं सांगितलं. भिंतीवरच्या अक्षराबद्दल सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“म्हणजे तुम्ही दालनाच्या तोंडाशी होतात, आणि परत आलात?”

“हो.”

“मग मी काय लिहू? दालन आहे की नाही?”

“असावं,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. खोडरबर खाली ठेवलं. तुटक रेघ होती तशीच राहिली. तिच्या टोकाशी त्यांनी पेन्सिलीने, जपून, एक आर काढला.