डेमोची मागची सीट

मोटारीला भूत लागत नाही, मोटारीची कॉइल जळते. आंधळगावात माझं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. दर हंगामात कोणीतरी मोटार आणून टाकतो आणि म्हणतो, "मनिषभाऊ, हिले नजर लागली." मी ती उघडतो आणि जळकी तार त्याच्या हातात देतो. नजर असते ती तेवढीच.

त्यामुळे भंडाऱ्याच्या शोरूममध्ये विजेवरची मोटारसायकल घ्यायला गेलो, तेव्हा नवीकोरीच पाहिजे असा माझा हट्ट नव्हता. कोपऱ्यात डेमोची गाडी उभी होती. अर्ध्या जिल्ह्याने चालवून पाहिलेली, अंगावर ओरखडे, मागची सीट घासून गुळगुळीत झालेली, आणि म्हणून भरपूर सूट. बॅटरी तपासली, मोटारीला कान लावून पाहिला. सगळं ठणठणीत होतं.

"सगळ्यायनं बसून पाह्यलं, घरी कोणी नाही नेली," शोरूमचे मालक कृष्णराव हसत म्हणाले. "घरी नेणारे तुम्हीच पहिले."

गाडी खरं तर बाबांसाठी होती. माझ्या वडिलांना, गोपीचंदांना, मागच्या धानकापणीत लकवा मारला. हात-पाय थोडे सुधारले, वाचा मात्र गेली ती गेलीच. एरवी त्यांचा आवाज असा, की तलावाच्या पाळीवरून हाक दिली तर धानात शिरलेली रानडुकरं पळ काढायची. घरात शिरताना ते आईला "अवो" म्हणून हाक मारत. आता आई, देवकाबाई, संध्याकाळ झाली की उगाच दाराकडे कान देऊन बसते. "एक डाव 'अवो' म्हणाले पाहिजेत, मंग मले काही नाही पाहिजे," हे ती डॉक्टरलाही सांगून आली होती. भंडाऱ्याला व्यायामासाठी न्यायचं, तर माझ्या जुन्या गाडीच्या हादऱ्यांनी बाबा कण्हायचे. ही गाडी पाण्यावरून गेल्यासारखी चालायची.

पहिल्या दिवशी दुपट्ट्याने त्यांना माझ्या कमरेशी बांधलं आणि निघालो. गाव मागे पडलं. इंजिन नाही, त्यामुळे टायरखालची खडी तेवढी ऐकू येत होती. तेवढ्यात माझ्या कानामागे कोणीतरी म्हणालं,

"पिकअप पाहा ना मालक. आवाज येऊन राह्यला का काही?"

मी करकचून ब्रेक लावला. मागे बाबाच होते. तोंड एका बाजूला ओघळलेलं, डोळे रस्त्याकडे. खिशातला मोबाइल पाहिला, तो बंद होता. पुन्हा निघालो.

"दुधाचा गंज घेऊन बसा मालक, थेंब नाही सांडन."

तरण्याबांड पोराचा आवाज होता, हसरा आणि सराईत. बाबांनी आयुष्यात कोणाला मालक म्हटलेलं नाही. गाडी थांबली की आवाज थांबे, चालली की सुरू होई. डॉक्टर म्हणाले, लकव्याच्या रोग्याच्या तोंडून कधीकधी पाठ झालेली वाक्यं बाहेर पडतात. पण बाबांनी तर शोरूमची पायरीही चढलेली नव्हती. मग हे पाठ झालं कुठे?

घरी येऊन आईला सांगितलं, तशी ती पदर सावरत अनवाणीच रस्त्यावर आली. बाबांना बसवून मी तिच्यासमोरून गाडी नेली. परत आलो, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"तोंड त्यायचं आहे," ती म्हणाली. "आवाज कोणा दुसऱ्याचा आहे. कायले आणली रे ही गाडी?"

मी चार्जर काढला, वायरिंग उघडली, पुन्हा बसवली. कुठे काही नव्हतं. उत्सुकता माणसाला स्वस्थ बसू देत नाही. शेवटी बाबा बोलतात ती वाक्यं जशीच्या तशी कृष्णरावांना म्हणून दाखवली. त्यांचं हसू मावळलं.

"हे तर आमच्या निकेशचं बोलणं. डेमो द्यायले तोच मांगं बसे. या गाडीले आवाज नाही ना, गिऱ्हाइकाले वाटे बंदच आहे. म्हणून तो रस्ताभर बोलत राहे. ते त्याचं कामच होतं."

"कुठे आहे तो?"

"अड्याळले, घरी." त्यांनी नजर वळवली. "तुम्ही गाडी नेली, त्याच दिवशी त्याची बोली बंद झाली. गळ्यात काही बिघाड नाही म्हणते डॉक्टर."

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. उलट फॉल्ट सापडल्यावर वाटतं तसं वाटलं. दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तर पंप उलटा फिरतो. तारा बदलायच्या, झालं.

दुसऱ्याच दिवशी अड्याळला गेलो. निकेश ओसरीवर बसला होता. मला पाहून त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याची बायको दीपमाला दाराआडून म्हणाली, "दिवसभर बोलनारा मानूस होता भाऊ. आता घरात भांडं वाजलं तरी मले बरं वाटते." मी त्याला गाडीवर एक चक्कर मारू या म्हटलं. तो सवयीने मागे बसला.

गाव संपलं. दोन्ही बाजूंच्या बांद्यांमध्ये धान उभं होतं.

"मन्या, धीरे चालव. बांदीत जाशीन."

मला मन्या म्हणणारं एकच माणूस आहे.

"बाबा?"

"हं. तुही माय जेवली का?"

मी हमसून रडलो, पण गाडी थांबवली नाही. थांबवली असती, तर तो आवाज बंद झाला असता. अड्याळ कुठल्या कुठे राहिलं, तरी मी चालवतच राहिलो आणि ते मागून शेताचं विचारत राहिले.

मी दीपमालाला सगळं सांगून बोलावलं, आणि पुढच्या रविवारी ती आणि निकेश एसटीने आमच्या घरी आले. तारा बदलायच्या म्हणून आधी मी दोघांना एकदमच मागे बसवलं, मध्ये बाबा आणि शेवटी निकेश. तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आलो. कोणी चकार शब्द बोललं नाही.

मग एकट्या निकेशला घेतलं. आई रस्त्याच्या कडेला उभी होती.

तिच्याजवळ पोचताच मागून हाक आली. "अवो!"

आईने झटकन डोक्यावर पदर घेतला. "आली जी," ती म्हणाली.

मी गाडी वळवली. पुन्हा हाक. पुन्हा "आली जी." आई हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि मी दमेपर्यंत गाडी वळवत राहिलो.

नंतर बाबांना घेतलं. दीपमाला पुढे झाली.

"दीपा, जेवली नाही ना तू? सुकून गेली."

ती गाडीसोबत धावायला लागली.

दिवस कलला तेव्हा मी गाडी चार्जिंगला लावली. आत दुकानातली सुटी वायर गुंडाळायला म्हणून गेलो, ती जरा जास्तच वेळ गुंडाळत बसलो. इतका आनंद घरात बऱ्याच दिवसांनी झाला होता. दुरुस्ती जमली नव्हती, पण दर रविवारी हे करता येईल, असं मी मनाशी ठरवलं. शेवटच्या एसटीची वेळ होत आली होती, म्हणून पाहुण्यांना सांगायला बाहेर आलो.

अंगणातून दीपमाला निघाली होती. तिने बाबांचा हात धरला होता, त्यांची काठी काखेत घेतली होती, आणि त्यांच्या चालीने, सावकाश, ती त्यांना रस्त्याकडे नेत होती. बाबांनी मागे वळून पाहिलं नाही.

"दीपमालाताई," मी हाक मारली. "बाबांना कुठे?"

ती थांबली नाही.

मी आत धावलो. "आई, ती बाबांना घेऊन चालली!"

आई चुलीजवळ होती. निकेश पाटावर बसला होता, बाबांच्या जागेवर. आईच्या डोक्यावरचा पदर अजून तसाच होता.

"हळू बोल," ती त्याच्या ताटात भात वाढत म्हणाली. "तुहे बाबा जेवून राह्यले."