आढ्यापलीकडचा दोर

जपानातल्या उओनुमाच्या डोंगरात छपरावर बर्फ किती साचला हे बघायला कुणी वर चढत नाही. घरातलं सरकतं दार बोटानं ढकलून बघायचं. छपराचं ओझं चौकटीवर येऊन ते जड गेलं, की फावडं काढायचं.

त्या सकाळी इसाबुरोनं धाकट्या बहिणीच्या खोलीचं दार ढकललं, ते चार बोटं सरकलं आणि अडकलं. खांदा लावला, तरी ढिम्म. आत तोमी अंथरुणाला खिळलेली; खुब्याचं हाड मोडून महिना झाला होता. छपराची तुळई बरोबर तिच्या डोक्यावर.

"दादा, दार कुरकुरतंय का रे?" फटीतून तिनं विचारलं.

"बर्फाचं ओझं आलंय. दुपारच्या आत मोकळं करतो. तू आपली गुणगुणत राहा."

देवळातले भिक्षू थंडीत गाऊन प्रवचन सांगत. यंदा तिचं ते पहिल्यांदाच हुकलं होतं, म्हणून ती पडल्यापडल्या त्यातली पदं म्हणायची.

इसाबुरोनं शेजारच्या सेइकिचीला फोन लावला. छपरावर एकट्यानं चढायचं नाही, हा गावचा नेम. एकानं उत्तरेच्या उतारावर, दुसऱ्यानं दक्षिणेच्या. आणि आढ्यावरून टाकलेला एकच दोर दोघांच्या कमरेला. एक घसरला, तर दुसऱ्याच्या वजनानं तरतो.

"तू हो पुढे, मी मागच्या बाजूनं शिडी लावतो," सेइकिची म्हणाला. "आणि दोर बघून फेक. गेल्या वर्षी माझ्या टाळक्यात घातला होतास."

इसाबुरोनं वर जाऊन दोर पलीकडे फेकला. थोड्या वेळानं तो ताणला गेला. काम सुरू झालं. आढ्यापलीकडचं काही दिसत नव्हतं. नुसती फावड्याची खरखर, मग बर्फाच्या लाद्या खाली कोसळल्याचा धप्प आवाज. इकडे एक पडे तोवर तिकडे दोन.

"अरे, सत्तरी उलटली तुझी. जरा दमानं घे."

उत्तर आलं नाही. दोराला मात्र हलका हिसका बसला. सगळं ठीक आहे, अशी ती खूण.

छप्पर मोकळं झाल्यावर कमरेची गाठ सोडून इसाबुरो उतरला, तर सेइकिची फाटकातून आत येत होता. छातीपर्यंत बर्फानं माखलेला. खांद्यावरचं फावडं कोरडं.

"रस्ता पार बुजलाय," तो धापा टाकत म्हणाला. "आणि तू एकटाच चढलास? अक्कल कुठं ठेवून आलास?"

दोघं मागे, दक्षिणेकडे गेले. छप्पर साफ होतं. भिंतीशी बर्फाचा ताजा ढीग. शिडी नाही, पावलं नाहीत. आणि दोर कुठंच नव्हता.

इसाबुरोनं तीस वर्षं रस्ते खात्यात बर्फ मोजला होता. बर्फ आपोआप घसरला म्हणावं, तर हिसका कुणी दिला? त्याला हिशेब लागेना.

"आधी तोमीला माझ्याकडे नेऊ," सेइकिची हळूच म्हणाला. "बाकीचं मागाहून."

आतली दारं आता बोटानं सरकली. तोमीचा चेहरा खुलला होता.

"वरच्याला चहाला बोलावलंत ना? माझ्या पदावर फावडं चालवत होता हो. एकदा ताल चुकला नाही."

 सेइकिचीनं तिला पाठुंगळी घेतलं. ऊब राहावी म्हणून इसाबुरोनं खोलीचं दार मागे ओढलं. ते अर्ध्यात अडकलं.

मधल्या खोलीचं दार उघडायला खांदा लागला. त्यांच्या मागोमाग वर लाकूड करकरत होतं.

बाहेरचं दार तर तसूभर हलेना.

"छप्पर मोकळं आहे," इसाबुरो म्हणाला. कुणाला सांगतोय, ते त्यालाच कळेना.

डोक्यावरची तुळई कण्हली. बारीक धूळ सेइकिचीच्या कपाळावर पडली.

त्याच्या पाठीवरून तोमीनं वर बघून हात जोडले.

"दमला असाल," ती मायेनं म्हणाली. "या हो खाली. चहा ठेवायला सांगते."

तुळई गप्प झाली.

इसाबुरोच्या बोटाखाली दार हलकं झालं.