सहाबारीचा निरोप

बस आधी, अर्पिता. पाणी पी. फोनवर तू विचारलंस, "ताई, वरद पहिल्यापासून असेच होते का?" त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. माझी अबोली शाळेतून यायला अवकाश आहे आणि तिचे बाबा संध्याकाळशिवाय परभणीत पाऊल टाकत नाहीत. दाराबाहेर चप्पल काढून तू आत आलीस आणि वाकून नमस्कार केलास, तेव्हा वाटलं, किती रीतीची पोर आहे. आणि लगेच मनात आलं, हिला काही न सांगता माझ्या भावासमोर बोहल्यावर उभी करायची का?

मी भिक्षुकाची मुलगी. देवाधर्माचं स्वयंपाकघर आतून पाहिलेली. हॉटेलात काम करणाऱ्याला तिथली भजी खावीशी वाटत नाहीत, तसं मला भुताखेतांचं कधी काही वाटलं नाही. आमच्या लहानपणी आई सांगायची की भर दुपारी किंवा तिन्हीसांजेला बाहेरून हाक आली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. तसलं काही असेल तर ते तिसरी हाक मारत नाही. तिसरी आली म्हणजे माणूसच. मी तेव्हाही हसायचे. आता हसत नाही.

तर झालं असं. खंडेनवमीला मी सेलूला माहेरी गेले ती अण्णांची नवी धोतरजोडी द्यायला. बाकी काही काम नव्हतं. त्या दिवशी अण्णांना उसंत नसते. जिनिंगवाले, गिरणीवाले, झेरॉक्सवाले, सगळ्यांच्या यंत्रांना व्यंकटराव गुरुजींच्याच हातचं हळदकुंकू लागतं. बाहेरची सगळी पूजा उरकून ते दुपारी घरी येतात आणि मग घरच्या अवजारांची पूजा. आईची विळी, अडकित्ता, शिवणाची कात्री. चार वर्षांपासून त्यात वरदचा माइकही असतो.

वरदचं काम तुला माहीत आहे, पण तो खेळ तू कधी पाहिलास का? मोबाइलवरचा. आपण त्यात हेर असतो. धडाधड गोळ्या झाडायच्या नाहीत, दबक्या पावलांनी, पोत्यांमागून, भिंतीच्या सावलीतून सरकायचं. आवाज झाला की मेलो. आणि आपल्याला शोधत एक पिस्तूलवाला फिरत असतो. लांब कोट, टाचेला खुळखुळणारी लोखंडी चकती, उजव्या हातात सहाबारी पिस्तूल. म्हणून पोरं त्याला सहाबारीच म्हणतात. बोलायच्या आधी तो पिस्तुलाचं चाक फिरवतो. किर्र... खट्. मग बोलतो. दर भागाच्या शेवटी तो मरतो. एका भागात बुडाला, एकात जळाला, एकात धावत्या गाडीवरून पडला. आणि पुढच्या भागात पुन्हा हजर.

पुण्याच्या कंपनीला त्याच्यासाठी मराठी आवाज हवा होता. वरदनं त्याला आपल्याकडची बोली दिली. "लपून बसलास व्हय रे? बस. मला काय घाई न्हाई." एवढं एक वाक्य, पण देवगाव फाट्यावरच्या पानटपरीपासून पुण्याच्या कॉलेजपर्यंत पोरं तेच म्हणत सुटली. आम्हाला कोण कौतुक.

तिसऱ्या भागानंतर मात्र वरद उतरत गेला. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला तोंड उघडायचा आणि बोलायचा सहाबारी. आम्ही हसायचो. तो हसायचा नाही. एकदा मला म्हणाला, "ताई, मी त्याला आवाज देतो का तो मला, हेच कळंना झालंय." म्हणून चौथ्या भागात सहाबारीला कायमचा संपवणार असं कंपनीनं कळवलं, तेव्हा त्याला आनंद झाला. तुझ्याशी नुकतंच ठरलं होतं. लग्नात नाव घेताना आपल्याच आवाजात घ्यायचंय, असं म्हणाला होता मला. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

शेवटचं रेकॉर्डिंग त्याच दुपारी होतं. मागच्या खोलीत त्यानं भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत, खिडकीला गादी लावली आहे. दार लावलं, पंखा बंद केला, की आत जुन्या कापसाचा कोंदट वास आणि स्वतःच्या कानातली शांतता. माझ्या कानांवर त्यानं हेडफोन चढवले. "मधी गाडीची शिट्टी आली, कुत्रं भुंकलं, तर हात वर कर. बोलू मात्र नको."

पावलांचे, पिस्तुलाचे आवाज नंतर पुण्यात घालतात. सेलूत फक्त वरदचा आवाज. हे लक्षात ठेव.

त्यानं श्वास घेतला, आणि तो बोलायच्या आधी माझ्या कानात वाजलं. किर्र... खट्.

मी हात वर केला. "वरद, हातात काय आहे तुझ्या?"

त्यानं दोन्ही तळवे दाखवले. रिकामे. "काही न्हाई. का ग?"

मी म्हटलं, भास झाला असेल. तो पुन्हा बोलला. मरणाऱ्या सहाबारीचं शेवटचं वाक्य होतं. "जातो. आता मला कुनी बोलवू नका." वरदनं ओठ मिटले. आणि ओठ मिटल्यावर, अर्पिता, हेडफोनमध्ये कुणीतरी सावकाश श्वास सोडला. मी वरदच्या छातीकडे बघत होते. ती हलली नव्हती.

मी नुसते हेडफोन काढून ठेवले. त्याचा चेहराच इतका हलका झाला होता. कॉम्प्युटर बंद केला, माइकची वायर गुंडाळली आणि गुणगुणत बाहेर आला. कितीतरी महिन्यांनी माझा भाऊ त्याच्या स्वतःच्या आवाजात बोलत होता. माइक नेऊन त्यानं देवघरापुढच्या पाटावर विळीशेजारी ठेवला.

"अण्णा, सगळ्याची पूजा करायलात, तर याचं विसर्जन बी करा. सहाबारी गेला आज."

"अरे, अवजाराची पूजा असती. विसर्जन कसलं करायलास?"

"करा की. पुन्हा येऊ नये असं म्हणा कायतरी."

अण्णा सकाळपासून उपाशी होते, पण खुशीत होते. लेकाचा लाड म्हणून त्यांनी अक्षता घेतल्या, डोळे मिटले. विसर्जन कसं करतात तुला ठाऊक आहे. देवावर अक्षता वाहायच्या, मूर्ती जागची जराशी हलवायची, आणि शेवटी दोन शब्द म्हणायचे. पुनरागमनाय च. म्हणजे, जा, पण पुन्हा येण्यासाठी जा. देवाला कोणी कायमचं घालवत नाही, म्हणून.

अण्णांनी मंत्र बदलला होता. मी ऐकत होते. देवाचं नाव गाळलं, गणांचं गाळलं, स्वतःच जुळवून काहीतरी म्हणाले. हात पुढे झाला, माइक पाटावर बोटभर सरकला. आणि पन्नास वर्षं गणपतीपासून सत्यनारायणापर्यंत ज्या जिभेनं एकच शेवट केला, तिनं तोच केला.

"...पुनरागमनाय च."

अण्णांचा हात तसाच राहिला. आईनं वर पाहिलं.

"जिभेला वळण पडलंय रे..." अण्णा म्हणाले. "थांब, पुन्हा म्हणतो."

"ऱ्हाऊ द्या अण्णा," वरद हसला. "भूक लागलीय."

आम्ही पानावर बसलो. वरद डावखुरा, हे तुला कोणी सांगितलंय का? जेवायचाही डाव्या हातानं. भिक्षुकाच्या घरात हे म्हणजे केवढं. आईनं बोलून बोलून, चिमटे काढून पाहिलं होतं. त्या दिवशीही ती म्हणाली, "सणाला तरी उजवा हात लाव." त्यानं डाव्या हातानं पुरणाच्या पोळीचा मोठा घास तोंडात कोंबला आणि तिला गाल फुगवून दाखवला.

तेवढ्यात मागच्या खोलीतून आलं. किर्र... खट्.

"लपून बसलात व्हय? बसा."

आवाज वरदचा होता. वरद माझ्यासमोर बसला होता, गाल घासानं फुगलेला, डोळे माझ्यावर. माइक कुंकू लावून पाटावर पडलेला, वायर गुंडाळलेली. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. भीती वाटायला आधी काय झालंय ते कळावं लागतं. मी नुसती गार पडले.

"मला काय घाई न्हाई," खोलीतून आलं.

मग हाक आली. "वरद."

अण्णांनी हात वर केला. नको, अशी मान हलवली.

"वरद."

आईनं त्याचं मनगट धरलं. आम्ही चौघंही श्वास रोखून बसलो. त्या खेळातल्या पोत्यांमागे बसतात तसे. वाढलेलं वरण ताटात पसरत गेलं, पण कुणी हात हलवला नाही. बराच वेळ काही नाही. अण्णांचे खांदे सैल झाले. तिसरी हाक येत नसते.

आणि तिसरी आली. माझ्या आवाजात.

"वरद, ये ना रे इकडं."

लहानपणी मी त्याला अंगणातून बोलवायची तशी. माझे ओठ मिटलेले होते. पण तो माझ्याकडे बघत नव्हता ग त्या क्षणी, दाराकडे बघत होता. आणि या पोरानं जन्मात कधी माझी हाक खाली पडू दिली नाही. तोंडात घास तसाच, तो म्हणाला, "ओ. आलो ताई."

उठला. आईच्या हातून मनगट सुटलं. मागच्या खोलीचं दार त्याच्यामागे लागलं. अण्णांनी दारावर धडका मारल्या, मी मारल्या. आतून काही नाही. मग दार आपणच उघडलं आणि तो बाहेर आला.

"काही न्हाई," म्हणाला. "पंखा अडकला होता."

पंखा त्यानंच रेकॉर्डिंगआधी बंद केलेला मी पाहिला होता.

तो पानावर येऊन बसला आणि सावकाश जेवायला लागला. उजव्या हातानं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुधारला ग बाई," म्हणाली. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा त्या हाताकडे बघत होते. त्यांनी त्या दिवसानंतर कुणाकडे पूजा सांगितलेली नाही. गुडघे दुखतात म्हणतात.

आता सगळे म्हणतात, वरद किती शांत झाला. चिडत नाही, कुणाची कितीही वाट बघतो. तूच म्हणालीस ना, तुझ्या ऑफिससमोर तो दुपारभर उभा असतो आणि विचारलं तर म्हणतो, घाई नाही. आणि बोलायच्या आधी त्याच्या घशात काहीतरी खट् वाजतं. हेही तूच म्हणालीस.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. मन आवरून घेतलं असतं. पण दिवाळीत चौथा भाग आला. सहाबारी त्यात मेलाच नाही. कंपनी म्हणते, वरदनंच नवं रेकॉर्डिंग पाठवलं, फार छान होतं, म्हणून शेवट बदलला. अबोली माझ्या जुन्या फोनवर खेळत होती. एका ठिकाणी कापसाच्या गाठींचं गोदाम आहे, तिथं लपायचं असतं. ती मला म्हणाली, "आई, इथं वरदमामा हाय."

मी फोन कानाला लावला. गाठींच्या मागून कुणीतरी कुजबुजत होतं. धापा टाकत. सहाबारी नव्हे, माझा वरद.

"ताई... ओ देऊ नको. त्याला ऐकू जातंय."

कंपनीला विचारलं. म्हणाले, गोदामात एकही वाक्य नाही. अबोलीच्या मैत्रिणींच्या फोनवर काही ऐकू येत नाही. फक्त या एकावर येतं. तो मी धान्याच्या कोठीत ठेवते, रोज न चुकता चार्ज करते. तो बंद पडला तर माझा भाऊ कुठं जाईल, ते मला माहीत नाही. लोक मला वेडी म्हणतील. म्हणू देत.

हा बघ. घे. बोलायचं नाही, नुसतं कानाला लाव.

...काय म्हणाला? रडू नको. हळू सांग. तुझं नाव घेतलं? आणि?

चप्पल?

चप्पल बाहेर राहिली, असं म्हणाला?

थांब. उठू नकोस. खिडकीशी जाऊ नकोस. जिन्यात कुणीतरी आहे. ऐकलंस? तुझ्या चपला सरळ करून ठेवतंय कुणीतरी. जोडीनं, नीट. तू इकडे आलीस हे कुणालाच सांगितलं नव्हतंस ना?

...आलं ऐकू. किर्र. हो. आणि खट्.

हाक मारली त्यानं. तुलाच. ही एक.

तोंडावर हात ठेव. दाब. ही दुसरी.

अर्पिता, आता नीट ऐक. तिसरी माझ्या आवाजात येईल. मी इथं आहे, तुझ्यासमोर. दाराकडे मुळीच बघू नकोस. माझे ओठ हलतात का, तेवढं बघत राहा.