झाडातल्या बाईचं लाल सरबत

“श्श! कुणीतरी येतंय! मोत, शिंकलीस तर याद राख!” कोंग दबक्या आवाजात म्हणाला.

“नाकात मुंगी गेलीय रे!” त्याची धाकटी बहीण कुरकुरली.

झुडपाआडून पिमदाव डोळे फाडून बागेतल्या चिंचेकडे बघत होती. सुट्टी लागल्यापासून चिंचेची पानं पिवळी पडून गळत होती. कुणीतरी विष घालतंय, नक्की! आणि कोण, ते काय सांगायला हवं? विचियनकाका! गल्लीने कचऱ्याची जागा स्वतः खणून, मातीच्या पाट्या वाहून ही बाग केली, आणि या काकांना तिथे गाड्या उभ्या करायच्या होत्या. महिन्यापूर्वी ते करवतवाले घेऊन आलेही होते. तेव्हा पिमदावनेच खोडाला रंगीत कापड बांधलं आणि सांगितलं, “या झाडात एक बाई राहते. माझ्या स्वप्नात आली होती!” करवतवाल्यांनी हात जोडले आणि धूम ठोकली! स्वप्न ही शुद्ध थाप होती, हे फक्त या तिघांना ठाऊक.

पण आली ती शेवयांची गाडी लावणारी बुनसीमावशी! तिने झाडातल्या बाईला नैवेद्य म्हणून लाल सरबताची अख्खी बाटली मुळांवर ओतली आणि उदबत्त्या खोचल्या. मागोमाग आणखी चौघं आली, बाटल्या घेऊनच. बाई खोडावर लॉटरीचा आकडा उमटवेल, या आशेने कुणी पावडर चोळू लागलं.

“दिसला का आकडा? उद्या लॉटरीची सोडत आहे!”

“सालीखाली असेल. खरवडा की जरा!”

नारळाची खवणी घेऊन एक म्हातारी पुढे सरसावली. कराकरा साल निघू लागली.

“पिम,” कोंग कुजबुजला, “ती तुझी आजी आहे.”

पिमदावला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. विष शोधायला निघालेली ही शहाणी! विष तर तिनेच आणून ठेवलं होतं.

तेवढ्यात विचियनकाका फिरत फिरत आले. मोत टुणकन उडी मारून बाहेर पडली. “काका, झाड तुम्ही मारताय ना?”

“मी?” काका खो खो हसले. “मी कशाला हात मळवू? तुमचीच माणसं सोलतायत की! पावसापर्यंत आपोआप वाळेल.”

“पिम, अजून एक स्वप्न पाड!” कोंग तिच्या कानाशी लागला. “बाईला फक्त पाणी हवंय म्हण! सगळे ऐकतील!”

ऐकलंही असतं सगळ्यांनी. शब्द अगदी जिभेवर आले होते. पण आजीने खवणी थांबवून नातीकडे असं कौतुकाने पाहिलं, की पिमदावचे कान तापले.

“आजी, झाडात कुणी नाही,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले. झाड वाचावं म्हणून. आणि तेच आता मरतंय!”

बुनसीमावशीने रिकामी बाटली पाठीमागे लपवली. आजीने खोडावरची ओली जखम चाचपली आणि मान खाली घातली.

“बाई नाही ना? मग उद्या करवत आणतो,” विचियनकाका म्हणाले.

“आणून तर बघ, विचियन!” आजी कडाडली. तिने रंगीत कापड सोडलं, डोक्याचं चौकड्यांचं फडकं काढून तिथे बांधलं. “यात बाई नाही. मी आहे! इथली माती मी डोक्यावरून वाहिलीय.”

बुनसीमावशीने कमरेचा पंचा सोडला. बाकीच्यांनीही जे होतं ते बांधलं. चिंचेभोवती घराघरातली जुनेरं लोंबू लागली! काका निघून गेले.

“खरं बोलायला छाती लागते. शाब्बास, पोरी!” आजी म्हणाली.

झाड वाचवल्याबद्दल महिनाभर पिमदाव याच ‘शाब्बास’ शब्दाची वाट बघत होती. आता तो ऐकून तिला मान वर करवेना. ती मुळांवरचं चिकट सरबत धुवायला बसली. आजीही शेजारी टेकली, खवणी मांडीआड लपवून. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, नुसतं पाणी ओतत राहिल्या.