घण मारणारे हात

रोबोनं "पुरुष" म्हटलं आणि यल्लूआजींचं नाव नातेवाइकांच्या यादीतून गळलं. ही गोष्ट २०५८च्या उन्हाळ्यातली. माझे आबा हाडं तपासणारे वैज्ञानिक, आणि ठोकळ्या हा त्यांचा रोबो. नदीतला गाळ काढताना एक सांगाडा सापडला होता. पन्नास वर्षांपूर्वी पुरात वाहून गेलेली आपली आईच असेल, या आशेनं यल्लूआजी सकाळपासून प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसून होत्या.

"दंडाचं हाड जाडजूड, स्नायूंच्या जागी ठळक उंचवटे," ठोकळ्या म्हणाला. "पुरुष. आजींची डीएनए (पेशींतला वारशाचा मजकूर) तपासणी रद्द."

"एवढी कसली रे घाई तुला!" मी चिडलेच.

आबा म्हणाले, "केतकी, आजींना विचार, आई काय काम करायची?"

मी पळत जाऊन विचारलं. "आम्ही वडार, पोरी. दगड फोडायची. बाप्यांच्या बरोबरीनं घण मारायची माझी आय," आजी म्हणाल्या.

आबांनी टाळीच वाजवली. "ऐकलंस ठोकळ्या? स्नायू राबले की हाडही दणकट होतं. दंडावरून काम कळतं. बाई की पुरुष, हे आधी श्रोणीला (कंबरेच्या हाडांच्या कड्याला) विचारायचं."

"तिलाच का?" मी विचारलं.

"बाळ तिथूनच बाहेर येतं ना! म्हणून बाईची श्रोणी बहुधा रुंद असते. हातमोजा चढव. मागच्या या खाचेत अंगठा घाल. हलतो?"

"ऐसपैस हलतो की!"

"पुरुषाच्या खाचेत तो बहुधा अडकतो. समोरचा हा कोनही बघ, कसा पसरट आहे."

"म्हणजे बाईच!"

"बहुतेक. अंदाज आहे, कधीमधी चुकतोही. आई कुणाची, ते डीएनए सांगेल."

"मला शिकवलेल्या हाडांत घण मारणारी एकही बाई नव्हती," ठोकळ्या म्हणाला. "आजींचं नाव पुन्हा यादीत घेतो."

चार दिवसांनी डीएनए जुळला. आजींनी दंडाच्या हाडावर अलगद हात ठेवला. "आये, ह्याच हातानं भरवायचीस गं मला." मग त्या आबांकडे वळल्या. "लई उपकार झाले, डाक्टर."

उलट आबांनीच हात जोडले. "उपकार तुमच्या आईचे. जाता जाता आम्हाला शिकवून गेली."

माझे तर डोळेच भरून आले. ठोकळ्यानं नवी नोंद वाचली, "नरसाबाई विटकर. बाई. काम, दगड फोडणे." मग कुणी न सांगताच त्यानं कपाटातले 'पुरुष' लिहिलेले हाडांचे अकरा जुने खोके पुन्हा तपासायला खाली काढले.