चौथ्याचा खडा

गंगुबाई, तुम्ही आमच्या हरीसाठी तीनदा स्थळं आणलीत आणि तिन्ही वेळा मी काहीतरी कारण काढून टाळलं. तुम्हाला राग आला असेल. आज इथे दिव्यापाशी बसा. वात जरा पुढे सारते आणि जे झालं ते सांगते.

भाद्रपदात हरीला मुदतीचा ताप आला होता. एकुलता एक मुलगा, चोवीस वर्षांचा, कल्याणच्या मालधक्क्यावर कारकून. वैद्यांनी हात टेकले, तेव्हा मी घाटावरच्या आमच्या कुलदेवीला बोलले, की पोर वाचलं तर आम्ही तिघंही पायी येऊ. गाडी नाही, बैल नाही, शिधा आणि अंथरूण आपापल्या पाठीवर. पोर वाचलं. मार्गशीर्षात आम्ही ठाकुर्लीहून निघालो. हे, हरी आणि मी.

तिघांनी मिळून प्रवासाला निघू नये, हे तुम्हीही पाळता. निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक सुपारी नाहीतर खडा बरोबर घ्यायचा. सुपारी मी काढून ठेवली होती, ती देव्हाऱ्यापुढेच राहिली. कल्याणला नदीच्या घाटावर पाय धुताना आठवलं. मी शेवटच्या पायरीखालून एक चपटा काळा खडा उचलला. गवताची वाळकी काडी चिकटली होती त्याला, ती झटकली आणि खडा पदराच्या गाठीला बांधला.

हे हसले. "चौथ्यासाठी भाकरी बांधलीस का गं?"

"भाकरीचं जाऊ दे नाना," हरी म्हणाला, "त्याचं बोचकं कोण उचलणार ते विचारा. आई माझ्याच पाठीवर देईल!"

तो तसा हसला की त्याच्या आवाजात एक बारीक चिरक येई, आवाज मधेच फाटल्यासारखी. लहानपणापासूनची. आजारपणानंतर पहिल्यांदाच ती ऐकली, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दिवसभर चाललो. भातं कापून झालेली, रस्त्याला धूळ, कडेला पेंढ्याचा वास. दिवेलागणीला मुरबाडला पोचलो. तिथे कमळाबाई म्हणून एक विधवा बाई वाटसरूंना जेवू घालत. त्यांनी पानं मांडली. चार.

"आम्ही तिघंच आहोत," हे म्हणाले.

"मग ते ओट्यावर बसलेत ते?" कमळाबाई म्हणाल्या. "तुमच्या मागोमागच आले की. मी आत या म्हटलं तर नुसते बघत राहिले."

हरी बाहेर जाऊन आला. ओट्यावर कोणी नव्हतं. मी उगाच हसून पदराची गाठ सोडली. "आमचा चौथा हा असा आहे, कमळाबाई."

त्यांनी खडा हातात घेतला नाही. समई जवळ आणून नुसता पाहिला. "कुठून उचललात?"

"घाटावरून. पायरीखालून."

"गवताची काडी होती का? दर्भाची?"

मी होकारार्थी मान हलवली.

"बाई, हा कोणाचा तरी जीवखडा आहे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "माणूस जाळल्यावर दहा दिवस त्याचा जीव ज्या दगडात ठेवतात, तो. ह्यालाच पाणी देतात आणि दहाव्याला पाण्यात सोडतात. हा सोडायचा राहिला... कोणाच्या हातून निसटला, देव जाणे. आणि तुम्ही त्याला चला म्हणालात."

कोणी जेवलं नाही. कमळाबाईंनीच उपाय सांगितला. सकाळी पुढे काळू नदी लागेल, तिच्या डोहात खडा सोडायचा. ह्यांनी तीन ओंजळी पाणी द्यायचं. मग पाठ फिरवून चालू लागायचं. "मागे बघायचं नाही. आणि काहीही झालं तरी डोहापाशी कोणाला हाक मारायची नाही. हाक म्हणजे बोलावणं. ज्याला जायला घर नाही, तो बोलावण्याचीच वाट बघत असतो."

सकाळी स्वच्छ ऊन होतं. डोह मात्र दोन कातळांच्या मधे, काळा आणि गार. कुजलेल्या फुलांसारखा वास येत होता, फुलं कुठे दिसत नव्हती. ह्यांनी खडा सोडला. तो बुडताना आवाज झाला नाही. तीन ओंजळी दिल्या आणि आम्ही वळलो. पुढे हे, मागे मी, माझ्या मागे हरी.

डोहाच्या कडेकडेनं दहा पावलं गेलो असू. मागे धप्पकन आवाज झाला. कोणीतरी पाण्यात पडल्याचा. मग हात मारल्याचा आवाज... मग काहीच नाही.

एकवीस रात्री मी त्याच्या उशाशी बसून काढल्या होत्या, गंगुबाई. मला नियम कुठला आठवणार? मागे न बघता मी ओरडले, "बाळा! ये रे! चल, घरी चल!"

नावसुद्धा घेतलं नाही मी. नुसतं बाळा म्हटलं.

ओली पावलं जवळ आली. मी वळले तर हरी होता. डोक्यापासून भिजलेला. "पाय घसरला," तो म्हणाला. मी त्याला कवटाळलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पुढचे दोन दिवस हरीनं तिघांची ओझी एकट्यानं वाहिली. घाटाच्या चढणीलाही दम लागला नाही. देवीची ओटी भरली, नवस फिटला. परतताना पुन्हा मुरबाडला मुक्काम केला. कमळाबाई दारातच होत्या. त्यांनी हरीकडे पाहिलं आणि हातातलं तांब्या-भांडं खाली ठेवलं.

"तुम्ही?" त्या त्यालाच म्हणाल्या. "त्या दिवशी ओट्यावर बसला होतात ना?" मग माझ्याकडे वळल्या. "आणि बाई... तुमचा मुलगा कुठाय?"

हरी शेजारीच उभा होता. नुसता बघत राहिला.

आम्ही न थांबता तसेच निघालो. म्हाताऱ्या बाईची नजर गेली असेल, असं हे वाटेत दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

तुम्ही त्याला रोज बघता. कामावर जातो, पगार हातात आणून देतो, उलट बोलत नाही. जुन्या गोष्टी विचारल्या तर सगळं बरोबर सांगतो. तुम्ही म्हणता असा मुलगा शोधून मिळायचा नाही. फक्त संध्याकाळी आला की अंगणात उभा राहतो. मी आतून "ये रे" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही.

गेल्या मंगळवारी मी चुलीपाशी होते, हाक मारायला उशीर झाला. बाहेर बोलणं ऐकू आलं. दोन माणसांचं. दोन्ही आवाज हरीचेच.

एक म्हणत होता, "आज मला जाऊ दे... ती माझी आई आहे."

दुसरा शांतपणे म्हणाला, "हाक येऊ दे. बघू कोण जातं."

माझ्या हातातली फुंकणी गळून पडली. मी दाराला धरून उभी राहिले. हाक मारावी तर कोणाला? आणि न मारावी तर माझं पोर बाहेर. शेवटी पुरतं नाव घेऊन म्हटलं, "हरिहर, ये रे."

एक जण आत आला. हातपाय धुतले, पाटावर बसला, दोन भाकऱ्या खाल्ल्या. भाजी चांगली झालीय म्हणाला.

बाहेर अंगणात कोणीतरी हुंदके देत होतं. दाबून, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या हुंदक्यांत एक बारीक चिरक होती, गंगुबाई. ती मी त्याच्या पाळण्यापासून ओळखते.