काळनखाचं शेवटचं पान

अभिमनची एक खोड धुरपदाबाईला मुळीच खपत नव्हती. पारोळ्याच्या स्टँडसमोर टेबल मांडून तो कॉमिक्स भाड्याने द्यायचा. द्यावीत, कोण नको म्हणतं? पण शेवटचं पान काढून ठेवायचं आणि पुस्तक परत आणलं की मग हातावर टेकवायचं, ही कुठली रीत? ताटात भाकर वाढायची आणि भरीत खायला उद्या या म्हणायचं, त्यातलाच प्रकार.

पुस्तकं आणायची तिची लेक सुनंदा. शिवणक्लासवरून आली की चुलीपुढे बसून मोठ्याने वाचायची. धुरपदाबाईने दुसरीतच शाळा सोडलेली. अक्षरं लावत बसायचा कंटाळा, पण चित्रातलं काही तिच्या नजरेतून सुटायचं नाही. त्यातला काळनख तिचा भारी लाडका. तोंडावर फडकं, हातात लोखंडी पंजा. गुंडांची हाडं मोडायचा आणि पोलिसांच्या बापाला भ्यायचा नाही. पण या अंकात त्याचा जुना काळ निघाला होता. कधीकाळी त्याने एका निरपराध माणसालाही झोडपलं होतं. आणि आज त्याच्या लहानग्या पोराला पेटीत तो पंजा सापडला. पोराच्या हातात पंजा... दारात बाप... आणि पुढे पानच नाही.

नेहमी दुसऱ्या दिवशी मिळणारं पान या खेपेला आठवडा झाला तरी मिळेना.

"त्या पोऱ्यानी काय करं व्हई वं?" धुरपदाबाई घासागणिक विचारायची. सुनंदा ताटात बघून हसायची. हे हसणंही आईला खपत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी एसटीत कंडक्टर सुकदेव अभिमनकडचंच दुसरं एक कॉमिक वाचत बसलेला. शेवटचं पान जागच्या जागी.

"सुकदेवभाऊ, तुले बरं पुरं पुस्तक भेटनं?"

"सगळ्यांलेच पुरं देतो तो, अक्का."

सगळ्यांना. म्हणजे पान मिळत नाही ते एका सुनंदालाच. धुरपदाबाई पदर खोचून एसटीतून उतरली ती तडक टेबलाकडे निघाली.

पण टेबलापाशी सुनंदा आधीच उभी. धुरपदाबाई शेजारच्या रसवंतीआड थबकली. चरकाचे घुंगरू छुमछुम वाजत होते.

"भाऊ, ते घुंगरू थांबाड जरा. माले ऐकू दे," तिने रसवाल्याला दटावलं. चरक थांबला. रसवाल्यानेही कान दिला.

"पान द्या," सुनंदा म्हणत होती. "आई मला जेवू देत नाही."

"आणि तुम्हाला नको?"

"मला पान मिळालं तर... उद्या यायला कारण काय सांगू?"

अभिमनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टेबलामागे त्याचा बाप पुना फाटक्या कॉमिक्सना खळ लावत बसला होता. याच हातांनी त्याने धुळ्याच्या बाजारात दोघांना लोळवलं होतं, जेल भोगली होती. आता ते हात कागद फाटू नये म्हणून जपून फिरत होते. गाव त्याच्याकडे न बघता जायचं. धुरपदाबाईसुद्धा.

"हे पान बघितलं की तू यायची नाहीस," अभिमन हळूच म्हणाला. तुम्हीचं तू कधी झालं, त्यालाही कळलं नाही. "माझ्या बापाचं नाव ऐकलं की मुलीकडचे चहा न पिताच उठतात."

"कुठले?"

"शिंदखेड्याचे."

"बरं झालं उठले ते." सुनंदाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "नाहीतर मी कुठे पाहिला असता दुसरा... पान लपवणारा?"

रसवाला खुदकन हसला. अभिमनने खिशातून घडी केलेलं पान काढलं, तेवढ्यात धुरपदाबाईने येऊन ते वरच्यावर उचललं. सुनंदा पांढरीफटक. पुनाचा खळीचा हात हवेत तसाच राहिला.

पानावर एकच चित्र होतं. पाठमोरं पोर उघड्या दारातून बाहेर चाललेलं, बाप मागे खाली बसलेला. बाकी सगळं पुढच्या अंकात.

"म्हणून दिलं नाही," अभिमन मान खाली घालून म्हणाला. "पोरगाच सोडून चालला, तर परक्याने का थांबावं?"

धुरपदाबाईने पान डोळ्यांजवळ नेलं. मग लांब धरलं. मग पुनाकडे पाहिलं, पहिल्यांदाच, सरळ.

"पुनाभाऊ, हात धुई ल्या, संगे रस पेवाना शे," ती म्हणाली. मग अभिमनकडे वळून तिने चित्रावर बोट ठेवलं.

"अन् तू देख. पायमा चप्पल नही शे त्याना. अनवाणी कोनी घर सोडस का, येड्या? आंगणमा रडी ली, भूक लागनी म्हणजे यी बापकडे. उद्या तूबी तुना बापले संगे लिसन भरीत खावाले ये, मन्ही आंडेर, मन्ही सुनंदा, तुलेच देसू. पण पुढला अंक उना की पहिलं पान ते शेवटलं पान, बठ्ठं आधी मन्हा हातमा."